क्लच फार जड झालाय – केबल बदलू की हायड्रॉलिक क्लचची गाडीच घेऊ?

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, नऊ वर्षं जुनी, रनिंग सत्तर हजारच्या पुढे, क्लच केबलवाला. गेल्या पावसाळ्यापासून क्लच हळूहळू इतका जड होत गेलाय की कासारवडवलीहून माजिवडा येईस्तोवर डावा गुडघा ठणकायला लागतो, आणि त्या पट्ट्यात तुम्हाला माहितीय, पहिला गिअर-न्यूट्रल-पहिला गिअर एवढंच काम. बायको आधी रोज चालवायची, तिने आता चावी हातात घेणंच बंद केलंय.

एका गॅरेजवाल्याने बोनेट न उघडताच सांगितलं की क्लच सेट (प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग) गेलाय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. दुसरा म्हणतो नुसती केबल टाका. ऑफिसातल्या मित्राचं तिसरंच, तो म्हणतो केबल आता जुनी झाली, हायड्रॉलिक, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचची गाडी घे, बोटाने दाबला जातो. तर खरंच हायड्रॉलिक इतका हलका असतो का, पुढे खर्च कोणाचा जास्त, आणि आहे त्याच गाडीला हायड्रॉलिक बसवून मिळतो असं कोणीतरी म्हणालं, ते कितपत खरं? ज्यांनी दोन्ही वापरल्यात त्यांनी जरूर लिहा.

तिसरा_गिअर
केबल शेवटची कधी बदलली होती?

घोडबंदरकर
बदललेली आठवत नाही. बहुतेक कंपनीचीच आहे.

तिसरा_गिअर
मग आधी केबल. बाकीचं सगळं नंतर.

द्राक्षबागाईतदार
मी मित्राच्या बाजूने. आमच्या घरी जुनी केबलवाली होती, आता हायड्रॉलिकवाली आहे, जमीन-अस्मानाचा फरक. नाशिकहून मुंबईला गेलो की भिवंडी बायपासला तास तास अडकतो पण पाय दुखला असं होत नाही. ॲडजस्टमेंटची कटकट नाही, केबल तुटायची भीती नाही. बजेट असेल तर सरळ बदला, दुखऱ्या गुडघ्यापुढे पैसे काय बघायचे.

सहाणीवरची_सई
@द्राक्षबागाईतदार, जुनी केबलवाली किती वर्षं जुनी होती आणि नवी किती? नऊ-दहा वर्षांच्या झिजलेल्या क्लचची नव्या कोऱ्या क्लचशी तुलना केली तर नवा हलका वाटणारच, त्यात तेल असो की तार.

माझा अनुभव उलटा आहे. माझी स्वतःची छोटी पेट्रोल, केबल क्लच. नवऱ्याची डिझेल एसयूव्ही, हायड्रॉलिक. पुण्यात चांदणी चौकातून हिंजवडीला दोन्ही चालवल्यात आणि पाय एसयूव्हीत जास्त भरून येतो. त्यामुळे हायड्रॉलिक म्हणजे हलका हे समीकरण मला मान्य नाही.

शॉपफ्लोअर
नोकरीची बरीच वर्षं क्लचच्याच पार्टांत गेली म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सईताईंचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि कारणही सरळ आहे. केबल असो की तेल, पाय शेवटी दाबतो ती प्रेशर प्लेटमधली डायाफ्राम स्प्रिंग. तिच्या बोटांवर, म्हणजे आतल्या पट्ट्यांवर, रिलीज बेअरिंग टेकलं, बोटं आत गेली, की इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी क्लच प्लेट सुटते. इंजिनाचा टॉर्क (फिरवायचा जोर) जितका जास्त तितकी प्लेट घट्ट धरून ठेवायला लागते, म्हणजे स्प्रिंग तितकी कडक. डिझेलचा टॉर्क भरपूर म्हणून स्प्रिंग दणकट म्हणून पेडल जड. आणि ब्रेकला जसा व्हॅक्यूम बूस्टर असतो तसा आपल्या साध्या गाड्यांच्या क्लचला नसतो, इंजिन काडीची मदत करत नाही, सगळा जोर तुमच्या पायाचा. फार तर पेडललाच एक मदतीची स्प्रिंग लावलेली असते.

आता हायड्रॉलिकमध्ये काय होतं, तर लहान आणि मोठी अशा दोन सिरिंज पाणी भरून नळीने जोडा आणि लहान दाबा, मोठीचा दट्ट्या जास्त जोराने पण कमी अंतर सरकेल. बास, एवढंच. पेडलकडचा मास्टर सिलिंडर १५.८७ मिमीचा आणि गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह १९.०५ मिमीचा धरा, म्हणजे पाच अष्टमांश इंच आणि पाऊण इंच. जोर १.४४ पट होतो, पण मास्टरचा पिस्टन १० मिमी सरकला तर स्लेव्हचा जेमतेम ७ मिमी सरकतो. केबलच्या गाडीत हेच काम पेडलची लांबी आणि गिअरबॉक्सवरच्या आर्मची (केबल ओढते त्या दांड्याची) लांबी करतात. म्हणजे गणितात दोघं सारखेच.

फरक पडतो तो घर्षणात. केबल म्हणजे बाहेर आवरण, आत प्लास्टिकचा लायनर, त्यात पोलादी तार. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, आणि आडव्या इंजिनाच्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स डावीकडे, त्यामुळे केबल फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) निघून बोनेटखाली चांगलं मोठं वळण घेऊन पलीकडे जाते. तार रोज त्या वळणावर लायनरला घासते. लायनर झिजला, त्यात धूळ आणि पावसाचं पाणी गेलं, की पाय स्प्रिंगशी कमी आणि केबलशीच जास्त भांडतो. हे इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला कळतच नाही, दुसरा कोणी बसला की म्हणतो अरे केवढा जड क्लच आहे हा. तेलाला वळणांचं काही पडलेलं नसतं, पहिल्या दिवशी जसं तसंच पाचव्या वर्षी. हायड्रॉलिकचा खरा फायदा हा आहे.

आणि एक गोष्ट दोन्हीकडे होते. प्लेट झिजली की डायाफ्रामची बोटं मागे कलतात आणि दाबायला आणखी जोर लागतो. म्हणून घोडबंदरकरांच्या गाडीत केबल आणि प्लेट दोघांवरही संशय आहे. पण गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे वेगळं करून बघता येतं: गिअरबॉक्सच्या आर्मवरून केबलचं टोक सोडा आणि पेडल हाताने दाबा. टोक सोडल्यावरही करकर किंवा अडकल्यासारखं लागलं तर केबल गेली. मऊ चालली तर मग आर्मचा शाफ्ट कोरडा पडलाय का ते बघा, आणि शेवटी क्लच सेट. एवढं न करता जो गिअरबॉक्स उतरवा म्हणतो त्याच्याकडे गाडी सोडू नका.

वाटसरू_९
वा, शॉपफ्लोअर काका! वाचनखूण साठवली.

तिसरा_गिअर
थोडक्यात, आधी केबल :)

आंबाघाट
हायड्रॉलिकला केबल तुटायची भीती नाही हे खरंय, पण त्याचं स्वतःचं दुखणं आहे. आम्ही रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो होतो, साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो आणि एका वळणावर तिसऱ्याचा दुसरा टाकायला क्लच दाबला तर पेडल सरळ तळाला जाऊन बसलं. वर येईचना. पायाचा पंजा खालून घालून वर ओढलं, तीन-चारदा पटापट मारलं, तेव्हा जरासा दाब आला आणि गिअर पडला. मग पूर्ण घाट तसाच, पंप करायचं, दाब आला की लगेच गिअर टाकायचा. मलकापूरला बोनेट उघडलं तर क्लचचं लोअर सिलिंडर (म्हणजे स्लेव्ह) गळून गिअरबॉक्सच्या त्या बाजूला सगळं ओलं.

मेकॅनिकने वरच्या टाकीतलं तेल दाखवलं, काळं मिट्ट. किती वर्षं बदललं नाही विचारलं. आम्हाला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं की क्लचचंही तेल बदलायचं असतं. सर्व्हिसिंगच्या बिलात ब्रेक ऑइल टॉप-अप एवढंच असायचं.

शॉपफ्लोअर
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. तेच ब्रेक ऑइल क्लचलाही असतं, बऱ्याच गाड्यांत टाकीही एकच. त्यातली डॉट ३ आणि डॉट ४ या ग्रेडची तेलं ग्लायकॉलची असतात, हवेतला ओलावा ओढून घेतात. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळायला हवं, ओलावा धरलेलं १५५ ला उकळलं तरी ते मानकात बसतं. क्लचला उकळण्याचा प्रश्न ब्रेकइतका येत नाही, पण त्याच ओलाव्याने सिलिंडर आतून गंजतो, आणि गंजलेल्या भिंतीवर रबरी सील घासून फाटतं. कोकणातल्या दमट हवेत तर दर दोन वर्षांनी बदलाच.

आणि कृपा करून कोणी त्यात इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल टाकू नका. सगळे सील फुगून बाद होतात, क्लचचेही आणि ब्रेकचेही.

द्राक्षबागाईतदार
टाकी एकच असेल तर क्लच गळला की ब्रेकपण जाणार का?? हे तर भयंकर आहे.

शॉपफ्लोअर
नाही, घाबरू नका. एकच टाकी असते तिथे क्लचकडे जाणारी नळी टाकीला वरच्या बाजूला लावलेली असते. क्लचची लाइन पूर्ण गळली तरी तेल त्या नळीच्या तोंडापर्यंतच खाली जातं, खालचं ब्रेकसाठी राखीव राहतं. म्हणून लेव्हल कमी होत होत एका जागी थांबली आणि क्लच बसला, तर गळती क्लचकडे शोधा.

हवालदार_मेस्त्री
गॅरेज आहे माझं, साताऱ्याला. दोन्हीची कामं रोज करतो त्यामुळे खर्चाचं मी सांगतो.

केबल हजाराच्या आसपास येते गाडीप्रमाणे कमीजास्त, बसवायला तास-दीड तास, रस्त्यात पण बसते. हायड्रॉलिकला अपर (मास्टर) आणि लोअर (स्लेव्ह) दोन्ही बाहेर असले तर काम सोपं, सीलचं किट टाकून किंवा नवीन टाकून लाइनमधली एअर काढली की गाडी तयार. पण आता कित्येक गाड्यांत लोअर बाहेर नसतंच, बेलहाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या कवचाच्या) आत इनपुट शाफ्टभोवती बसवलेलं असतं, बेअरिंगसकट. ते गळलं की पार्ट महाग नाही हो, पण त्याच्यासाठी पूर्ण गिअरबॉक्स खाली घ्यायला लागतो. त्यामुळे अशा गाडीचा क्लच सेट टाकताना जुनं लोअर चांगलं दिसत असलं तरी तेच परत बसवू नका. गिऱ्हाईक म्हणतं चालतंय ना मग राहू द्या आणि वर्षभरात तेच काम दुसऱ्यांदा, मजुरी दुसऱ्यांदा, शिव्या मात्र मला.

सेकंडहँड घेताना ड्रायव्हरच्या पायाशी वाकून क्लच पेडलच्या वर बोट फिरवून बघा. ओलं लागलं तर अपर गळतंय.

सज्जनगड_सायकलवाला
अवांतर: गाडीची केबल आणि सायकलच्या ब्रेकची वायर हे एकच तंत्र आहे ना? आवरणातून तार.

वाटसरू_९
हो, बोडन केबल. पेटंट १८९६ चं. आमच्या मोटारसायकलींना क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर सगळीकडे हीच, सव्वाशे वर्षं झाली तरी टिकून आहे. मारुती ८०० पण १९८३ पासून शेवटपर्यंत केबल क्लचवरच चालली, लाखो लोक त्यावर शिकले. त्यामुळे जुनाट म्हणून मोडीत काढू नका.

सुसाट_सोलापूर
अवांतरात अवांतर: एसटीच्या ड्रायव्हरकाकांचे गुडघे कशाचे बनलेत यावर पण कोणीतरी धागा काढा.

हवालदार_मेस्त्री
त्यांच्यातल्या नव्या गाड्यांना क्लचला हवेच्या दाबाची मदत असते. जुन्या गाड्या चालवलेले काका मात्र खरंच लोखंडाचे.

मुक्काम_मालवण
केबल तुटायचा अनुभव लिहितो. कणकवलीच्या जरा अलीकडे सिग्नलला उभा होतो, टक्क आवाज आला आणि पेडल ढिलं पडलं. रात्रीची वेळ, सोबत आई. मग गाडी बंद केली, पहिला टाकून तसाच स्टार्टर मारला, गाडी धक्के खात पुढे सरकली आणि इंजिन चालू झालं. दुसरा टाकताना ॲक्सिलरेटर सोडून हलक्या हाताने न्यूट्रलला आणला, आवाज पडायची वाट बघितली आणि मग नुसता टेकवला, आपसूक आत गेला. घरापर्यंत दुसऱ्या-तिसऱ्यातच आलो. समोर मोकळा रस्ता असेल तरच करा, पुढे माणूस किंवा गाडी उभी असताना गिअरमध्ये स्टार्टर मारायचा नाही.

खरी गंमत पुढे. नवीन केबल टाकली, ती थोड्याच महिन्यांत पुन्हा कडक झाली. लायनर आतून वितळलेला. पार्ट डुप्लिकेट असेल म्हणून परत बदलली, पुन्हा तेच. शेवटी सावंतवाडीच्या एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने शोधलं की इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजून तुटत आलीय. स्टार्टर मारला की त्याचा करंट बॉडीकडे परतायला क्लचच्या केबलमधून वाट काढत होता आणि केबल तापत होती. पट्टी बदलली, त्यानंतर केबलला हात लावायला लागला नाही.

शॉपफ्लोअर
@मुक्काम_मालवण, हा प्रतिसाद सगळ्यांनी लक्षात ठेवावा. केबल वारंवार जात असेल तर अर्थिंग बघाच. किनारपट्टीवर ही पट्टी फार गंजते.

घोडबंदरकर
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कळेल असं वाटलं नव्हतं. काकांनी सांगितलं तसं शनिवारी दुसऱ्या गॅरेजवाल्याकडे जाऊन आधी टोक सोडायला लावलं. आर्म हाताने व्यवस्थित हलत होता आणि पेडल मात्र सुटल्यावरही कुरकुरत होतं. केबल काढून उभी धरली तर फायरवॉलजवळच्या वळणावर आवरण दबलेलं, आतल्या तारेचे दोन पीळ सुटून उभे राहिलेले, बोटाला टोचत होते. नवीन ओरिजिनल केबल टाकली. क्लच हलका झालाय, बायकोने स्वतः गायमुखपर्यंत चालवून आणली आणि म्हणाली आता जमतंय.

फक्त एक, क्लच आता फार वर सुटतो, म्हणजे पाय जवळजवळ पूर्ण सोडल्यावर गाडी हलते. हे नॉर्मल आहे का?

तिसरा_गिअर
आधी केबल म्हटलं होतं की नाही!

हवालदार_मेस्त्री
प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, ठेवला नसेल. पेडल बोटाने दाबून बघा, जोर लागायच्या आधी जरा मोकळं हललं पाहिजे.

घोडबंदरकर
दाबून बघितलं. मोकळं अजिबात नाही, पहिल्यापासून टाइट.

शॉपफ्लोअर
मग उद्याच ढिलं करून घ्या, चालवत राहू नका. प्ले नाही म्हणजे रिलीज बेअरिंग कायम बोटांवर दाबून आहे, पाय सतत पेडलवर ठेवून चालवल्यासारखंच. बेअरिंग तर जाईलच, शिवाय प्लेट पूर्ण पकडत नाही, चढावर घसरते, तापते आणि चांगली असलेली प्लेट जळते. आर्मजवळ केबलच्या टोकाला नट असतो, तो थोडा सोडायचा. बऱ्याच गाड्यांत पेडलपाशी दीड-दोन सेंटिमीटर मोकळं ठेवतात, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तोच धरा. केबलच्या गाडीत प्लेट झिजत जाते तसा हा प्ले आपोआप कमी होत जातो, म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासायचा. हायड्रॉलिकमध्ये प्लेट झिजली की स्लेव्हचा पिस्टन मागे सरकतो आणि जास्तीचं तेल टाकीत परत जातं, ॲडजस्टमेंट लागत नाही, पण त्यामुळे झीज पायाला लवकर कळतही नाही.

प्लेटचा अंदाज घ्यायचा असेल तर प्ले बरोबर केल्यावर मोकळ्या रस्त्यावर ४०-५० च्या वेगाला चौथ्यात पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मात्र तिथेच, तर प्लेट घसरतेय. दोन्ही सोबत वाढले तर प्लेट अजून पकडतेय.

सहाणीवरची_सई
आणि सीट पुढे घ्या. क्लच पूर्ण तळाला गेल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. माझा अर्धा त्रास सीट दोन खाचा पुढे घेतल्यावर गेला होता. सिग्नलला न्यूट्रल करून पाय काढून घ्या, दाबून उभं राहू नका, पायालाही त्रास आणि बेअरिंगलाही.

द्राक्षबागाईतदार
मी अजूनही म्हणेन की पुढची गाडी हायड्रॉलिकच घ्या, पण सई यांचा मुद्दा पटला, घेताना ट्रॅफिकमध्येच चालवून बघा, शोरूममागच्या रिकाम्या रस्त्यावर नाही.

बाकी घोडबंदरकरांचा तिसरा प्रश्न राहिलाच, केबलच्या गाडीला हायड्रॉलिक बसवता येतो का?

हवालदार_मेस्त्री
बसतो, पण मी करून देत नाही. मास्टरसाठी फायरवॉलला ब्रॅकेट वेल्ड करायचा, तो पत्रा त्या जोरासाठी बनवलेला नसतो, काही दिवसांत वाकतो. मग पेडल दाबलं की निम्मा जोर पत्रा वाकवण्यात. स्लेव्हचा स्ट्रोक कमी पडला तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर करकरतात, सिंक्रो (गिअरचा वेग जुळवणाऱ्या कड्या) जातात. नवीन केबलचं काम सोडून एवढा उपद्व्याप कशाला.

घोडबंदरकर
समजलं. प्ले आज ढिला करून घेतला, क्लच खाली आला, चौथ्यातली टेस्टपण केली, घसरत नाही. सीट पुढे घेतली. अर्थिंगची पट्टीही बघून घेतली, ठीक आहे. गाडी विकत नाही आता.

पेणचा_गणू
धागा हायजॅक करतो, माफी. माझी हायड्रॉलिक आहे आणि सकाळी पहिल्यांदा रिव्हर्स टाकताना करकरते, दिवसभर पुढचे गिअर ठीक पडतात. एअर असेल का?

शॉपफ्लोअर
आधी हे करा: इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबा, मनात चार आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, लगेच टाकला की आवाज येणारच. थांबूनही करकरला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. मग पेडल पटापट पंप करून लगेच टाकून बघा, तेव्हा गुपचूप पडला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर आतून दाब सोडतोय.

पेणचा_गणू
पंप केल्यावर पडतो, आत्ताच करून आलो! एअर घरी काढता येते का?

हवालदार_मेस्त्री
लोअर बाहेर असेल तर येते, दोघं लागतात. टाकी भरायची, एकाने पेडल चार-पाचदा मारून दाबून धरायचं, दुसऱ्याने लोअरचा निपल (हवा काढायचा स्क्रू) सोडायचा, तेल-बुडबुडे निघाले की निपल बंद, आणि बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत असंच. निपलला पारदर्शक नळी लावून टोक बाटलीत सोडा, तेल रंगावर सांडलं की रंग उचलतं, सांडलंच तर लगेच पाणी मारा. तेल टाकीच्या झाकणावर लिहिलंय त्याच ग्रेडचं, सीलबंद बाटलीतलं. आणि मध्ये मध्ये टाकी बघत राहा, रिकामी झाली तर परत हवा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. दोनदा काढूनही पेडल बसत असेल तर अपर बदलायला लागेल, गाडी घेऊन या.

पेणचा_गणू
रविवारी भावाला घेऊन करतो. काय झालं ते इथेच लिहितो.